पिसांचं रक्त

गेवराई
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस की उद्या रक्तानं सांगितलं, पिसं तुला सोसत नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू कामाला कुठं जायचंस? तेवढ्यात तुला खोकल्याची उबळ आली आणि बोलणं तिथंच तुटलं. दोन दिवस मी त्यावरच विचार करते आहे. खरं सांगते, या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तुम्हा सगळ्यांच्या कष्टावर बी.एस्सी. झाले, रक्त तपासायचा डिप्लोमा केला, घरातली पहिली पदवी म्हणून तू गल्लीभर पेढे वाटलेस, आणि तुझा पहिलाच प्रश्न मला सुटला नाही.

पण उत्तर नाही म्हणून तपासायचंच नाही, हे मला पटत नाही. बीडच्या छातीच्या डॉक्टरांनी तुला काय विचारलं ते आठव. त्यांनी औषध लिहायच्या आधी कामाचं विचारलं. अकरा वर्षं कोंबड्यांच्या शेडमध्ये आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला. पिसांची ॲलर्जी असावी, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे पिसांची धूळ नाकातून आत गेली की तुझं शरीर तिला शत्रू समजून भांडायला उठतं. त्या भांडणाची खूण रक्तात राहते. एक नळीभर रक्त पुण्याला पाठवलं की ती खूण सापडते. नाहीतर तू नुसती खोकल्याची बाटली पीत राहशील.

जानेवारीत मी इथल्या लॅबमध्ये तुझं रक्त काढलं तेव्हा हिमोग्लोबिन फक्त साडेआठच्या आसपास होतं. लोहाच्या गोळ्या घेतेस ना? की त्या डब्यात ठेवून माझी समजूत काढतेस?

फोनवर तुला धाप लागते, तर आपण पत्रंच लिहू. तू चौथी शिकलेली आहेस, विसरू नकोस. नवनाथची एस.टी. रोज गेवराईवरून बीडला जाते आणि तो मुक्कामाला पालीलाच येतो. आपल्याच गावचा कंडक्टर, पत्र हातोहात पोहोचवतो म्हणाला. राजीला अभ्यासाचं विचार, धाकट्या बहिणीला ताईचा गोड पापा.

तुझी माया आहेच, तिच्यात खंड नको.

तुझी,
आमू


पाली
१३ फेब्रुवारी

चि. आमूस,
आत्याचा जयभीम. अ. आ.

पत्र भेटलं. चार बार वाचलं. पैल्या बारीला निस्ते अक्षर वाचले, दुसऱ्या बारीला तुझा आवाज आला. माझं अक्षर कोंबडी पाय फिरवून गेल्यावानी हाय, हासू नको. अकरा वर्सं तिच्या पायापाशी काढल्यावर आनखी कसं येनार.

गोळ्या घेते. एक दिवसाआड घेते. तोंड कडू व्हतं.

सध्या बॅच मोठी हाय. आली तवा पिलं वाटीत बसत व्हती, आता उचलायला दोन हात लागत्यात. खाली हातरलेलं भाताचं तूस उलटवायला गेलं का पिसं आन धूळ अशी उडती का समोरची बाई दिसत न्हाई. पदर बांधून काई व्हत न्हाई. भामाबाईचे तर माझ्यापरीस वाईट हाल हायेत. ती भिंतीला टेकून, बसूनच झोपती. तिचा खोकला भिंतीतून मला ऐकू येतो, माझा तिला. आमी दोघी तशाच बोलतो आता.

दुपारी भाकर खाताना मी बायांना तुझं पत्र वाचून दाखवलं. केसरबाई म्हनली का कोंबडी जल्मापसून पिसं आंगावर घिऊन फिरती, तिला काई व्हत न्हाई, मंग आमालाच कावून व्हतं? भामाबाई म्हनली का कोंबडी पंचेचाळीस दिसांत कापायला जाती, तिला खोकायला टाइम कुठं भेटतो. लई हासलो. हासता हासता साती जनी खोकायला लागलो आन राधाकिशन मुकादम पळत आला का काय झालं.

मी तुला येक सांगते. माझ्या येकटीचं रक्त मी देनार न्हाई. आमी सात बाया हावोत, द्यायचं तर सातींचं. आन बाया इचारत्यात का ते कागद कुनाच्या हातात जानार? मालकाच्या, अमरसिंहदादाच्या हापिसात गेले तर काय? हे आदी सांग.

राजी बारा वाजेपोतर पुस्तक घिऊन बसती. तिला नर्सिंगला जायचं हाय म्हनती. तुझ्या लग्नाचं मी या पत्रात काई लिवत न्हाई, पुडच्यात लिवीन.

जिवाला जप. आमची सय ठेव.

तुझी आत्या
दगडाबाई


गेवराई
१६ फेब्रुवारी

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी खूष झाले की ते घेऊन सरळ सरांकडे गेले. आमचे सर म्हणजे लॅबचे मालक, बीडच्या मुख्य लॅबमध्ये बसतात. मी म्हटलं, सात बायका आहेत, सातही जणींना खोकला आहे, पिसांच्या तपासणीचं शिबिर घेऊ या का? सरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि हो म्हणाले. तपासणी फुकट करायची असंही ठरलं. मला कामावर घेताना ते म्हणाले होते की माणूस आपलं रक्त आपल्याला देतो तो विश्वासानं देतो, नळीवर नाव लिहिताना हे लक्षात ठेव. मी ते माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. अशा माणसाच्या हाताखाली मी शिकते आहे, आत्या.

बॅच उचलली की शेड धुवायला चार दिवस रिकामं असतं, असं तूच सांगितलं होतंस. तर सोमवारी, २४ तारखेला सकाळी तुम्ही सातही जणी बीडला मुख्य लॅबमध्ये जा. गेवराईला यायची गरज नाही. उपाशी राहायचीही गरज नाही, हे केसरबाईंना मुद्दाम सांग.

आता बायकांच्या प्रश्नाचं. जिचं रक्त तिचाच अहवाल, आणि तो तिच्याच हातात. मुकादमाकडे नाही, मालकाकडे नाही, नवऱ्याकडेसुद्धा नाही. हा माझा शब्द आहे. हे पत्र त्यांना वाचून दाखव आणि म्हणावं, शब्द आम्रपालीनं दिला आहे.

ॲलर्जी निघाली तर काय, हे मी अजून शोधते आहे. चांगले मास्क असतात, शेडबाहेरची कामं असतात, औषधं असतात. कागद हातात असला तर मागता तरी येतं. खोकला दाखवून कुणी काही देत नाही, कागद दाखवला तर द्यावं लागतं. निदान मला तसं वाटतं.

सगळ्या बायकांना नमस्कार. तुझा हात असाच डोक्यावर राहू दे.

तुझी,
आमू


पाली
२७ फेब्रुवारी

चि. आमूस,
आत्याचा जयभीम. अ. आ.

सोमवारी बीडला गेलतो. जीप केली व्हती. भामाबाईनं लग्नातलं लुगडं नेसलं. मी म्हनलं, आगं रक्त द्यायचं हाय, नवरा न्हाई पायचा. ती म्हनली का तुझी भाची आपल्याला मानसात घिती, मंग मानसावानी जाऊ.

लॅबमदी थंडगार व्हतं. केसरबाईनं सुई बगितली आन डोळे मिटून घेतले, आन म्हनली का कोंबडीला लस देताना तिला कसं वाटत आसंल ते आज कळलं. तिथली पोरगी लई गोड बोलली. समद्यांची नावं लिवून घेतली. तुझं नाव सांगितल्यावर आमाला च्या पाजला. भामाबाईनं दोन बिस्कुटं पदरात बांधून आनली, म्हनली आम्रपालीच्या हापिसातली हायेत.

माझं बी झालं. राजी संगट आलती. आमाला कागद वाचायला कुनीतरी पायजेल म्हनून आनलं व्हतं.

काम परत लागलंय. शेडला चुना मारला. आठ-धा दिसांत नवी पिलं येतील. माझा खोकला हाय तसाच हाय, पर तू फिकीर करू नको.

जास्त लिवायला सुचत न्हाई. तब्येत संभाळ.

तुझी आत्या
दगडाबाई


गेवराई
५ मार्च

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम. वि. वि.

पुण्याहून अहवाल आले! आमच्या गेवराईच्या कॉम्प्युटरवर सगळे दिसतात, पण शब्द दिला आहे म्हणून मी फक्त तुझा उघडला, बाकी सहा पाहिलेसुद्धा नाहीत. आत्या, तुझ्या रक्तात पिसांची खूण नाही. अगदी शून्याजवळ. मी एकटीच खुर्चीवरून उठून नाचले, शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला.

म्हणजे तू शेडमध्ये जाऊ शकतेस. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावंच लागलं नाही! मग हा खोकला कशाचा, ते आपण शोधू. छातीच्या डॉक्टरांना मी फोन करून आकडा सांगितला. त्यांना जरा आश्चर्य वाटलं. ते म्हणाले की पिसं नसतील तर सध्या साधं औषध चालू ठेवा, कामाला हरकत नाही.

बाकीच्या जणींना सांग, अहवाल बीडच्या लॅबमध्ये तयार आहेत, जिनं तिनं आपापला घेऊन यायचा. भामाबाईंना मी अजून एक पुडा बिस्किटं देणार आहे.

आज मला फार हलकं वाटतंय. तुझी अशीच कृपा असू दे.

तुझी,
आमू


पाली
१० मार्च

चि. आमूस,
जयभीम.

शनिवारी दुपारी राधाकिशन शेडमदी आला आन फोनात बघून चार नावं वाचली. भामाबाई, केसरबाई आन आनखी दोघी. म्हनला का काम कमी झालंय, सोमवारपसून यायचं न्हाई. दुसऱ्याच दिशी नवी पिलं येनार व्हती, मंग काम कमी कसं झालं, आसं भामाबाईनं इचारलं. तो म्हनला का ते दादांना इचार.

भामाबाईचा कागद तिच्या घरात व्हता. सुक्रवारीच आनलता. तिच्या रक्तात पिसं निघाली. केसरबाईनं तर आजून कागद आनलाच न्हाई, आमू. तिच्या रक्ताची खबर तिला राधाकिशनकडून भेटली. ती मला इचारती का माझं रक्त माझ्या आदी त्याला कसं ठावं?

काल भामाबाई दारात आली. आत आली न्हाई. म्हनली का तुझ्या भाचीचं पत्र तू आमाला वाचून दाखवलं व्हतं, आमी तिच्या शब्दावर हात पुडं केला. आता सांग तिला, म्हनावं आमचं रक्त आमाला परत दे. मंग म्हनली का तुझं बरं हाय बये, तुझं रक्त भाचीच्या घरचं, चोख निघालं. येवडं बोलून गेली. आता भिंतीपलीकडून खोकला येतो, पर मी खोकले तर ती गप ऱ्हाती.

तू कुनाला सांगितलं का? सांगितलं आसंल तर मला खरं लिव. मी तुला काई बोलनार न्हाई.

आत्या


गेवराई
१३ मार्च

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम.

मी कुणाला सांगितलं नाही. तू हे विचारावंस याचंच मला वाईट वाटलं, पण भामाबाईंना माझ्यावर संशय घ्यायचा पूर्ण हक्क आहे. नाव माझं होतं.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी दुपारी मी बीडला सरांकडे गेले. त्यांनी काहीच लपवलं नाही, हेच मला सहन होत नाही. सर म्हणाले की शिबिर पोल्ट्रीचं होतं, अमरसिंहदादांनी बायकांना सुट्टी दिली म्हणून झालं. त्यांनी यादी मागितली, ती सरांनीच फोनवर पाठवली. पिसं सोसत नसलेल्या बाईला शेडमध्ये ठेवून उद्या तिचं काही झालं तर दादांच्या गळ्यात येईल, असं म्हणाले. उलट त्या बायकांचं भलंच झालं, त्या धुळीतून सुटल्या. मी म्हटलं, सर, मी त्यांना शब्द दिला होता. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले की शब्द तू दिला होतास, लॅबनं दिला नव्हता. आणि मला चहा मागवला. आत्या, मी तो चहा प्यायले. का प्यायले, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी वही मी परवापासून उघडलेली नाही.

परत गेवराईला आल्यावर मी तुझा अहवाल पुन्हा काढला. आपल्या घरात एक तरी चांगली गोष्ट घडली, ती बघावी म्हणून. त्या दिवशी आनंदात मी फक्त पिसांची ओळ वाचली होती. या वेळी सगळं पान वाचलं. वर तुझं नाव आहे, वय चोपन्न आहे. हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक एक.

जानेवारीत मी माझ्या हातानं काढलेल्या तुझ्या रक्तात ते आठ पूर्णांक सहा होतं. एक दिवसाआड गोळी घेऊन दीड महिन्यात कुणाचंही हिमोग्लोबिन एवढं वाढत नाही. यंत्र चुकलं असेल, नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या दिवशीच्या बाकी सगळ्या नोंदी नीट आहेत.

आत्या, ते रक्त कुणाचं आहे?

आम्रपाली


पाली
१७ मार्च

चि. आमूस,
जयभीम. अ. आ.

राजीचं हाय.

तुला माझ्या रक्ताचा आकडा ध्यानात आसंल हे मला कुठं ठावं. मला वाटलं व्हतं का येकाच घरचं रक्त हाय, सारकंच दिसंल, निस्ती पिसं तेवडी दिसनार न्हाईत.

आता समदं लिवते. येकदाच लिवते.

बीडला जायच्या दोन दिवस आदी, म्हंजे शनिवारी, राधाकिशननं मला चुन्याच्या पोत्यांपाशी बोलवून घेतलं. म्हनला का दगडाबाई, दादांना रक्ताचं कळलंय. ज्यांच्या रक्तात पिसं निघतील त्या बाया काडायच्या, आसा दादांचा हुकूम हाय. लॅबवाल्याचं आन दादांचं बोलनं झालंय, यादी येनार हाय. पर पिलं आली का पैले आठ दिवस त्यांना दिव्याखाली संभाळायला जुनी बाई लागती, तुझ्यावानी कुनाला जमत न्हाई. तवा तू तुझं बघ. रक्त कुनाचं बी दे, नाव तुझं लिव. आन हे बाकीच्यांना बोललीस तर तू बी गेलीस.

मी घरी येऊन राजीला सांगितलं. ती रडली. म्हनली का ताईला काय वाटंल. मी म्हनलं, ताईला कळनार न्हाई. तिच्यावर रागवू नको, ती लेकरू हाय, मी सांगितलं म्हनून तिनं हात पुडं केला. लॅबमदी मी भामाबाईला आन बाकीच्यांना बाहेर बसवलं, समद्यात शेवटी राजीला आत धाडलं. त्या पोरीनं नाव इचारलं, राजी म्हनली दगडाबाई. वय इचारलं न्हाई, मी आदीच चिठ्ठीवर लिवून दिलं व्हतं, आन नळ्या भरायच्या घाईत तिनं तोंडाकडं बगितलं न्हाई.

जीपमदी भामाबाई माझ्या मांडीवर डोकं ठिवून आली. पदरात बिस्कुटं बांधलेली. मला तवाच सांगता येत व्हतं. तवा बी न्हाई सांगितलं.

तू म्हनशील कावून. तू पैल्याच पत्रात लिवलं व्हतं का दुसऱ्या दिशी मी कुठं जाऊ याचं उत्तर तुला येत न्हाई. तुझं ठीक हाय बाई, तू खरं लिवलं. पर मला उत्तर यावंच लागतं. सकाळ तर व्हतीच. राजीचं नर्सिंग हाय. मी गेले तर तिनं त्याच शेडमदी यायचं का? तुझ्या आईला ती जाताना मी शब्द दिला व्हता का तुझ्या पोरी हातात खराटा धरनार न्हाईत. तू तुझा शब्द धरून बसली, मी माझा धरला. सात बाया वाचत न्हवत्या. येक वाचत व्हती.

पर झोप लागत न्हाई. खोकल्यानं न्हाई. पिलांजवळ बसले का धूळ येती, छाती अशी आवळती का दोन हातानी सोडवावी वाटती, आन मी त्या राधाकिशनसमोर खोकत बी न्हाई. रिपोट चोख हाय ना माझा.

हे पत्र वाचून फाडून टाक. तुला आईची शपथ घालत न्हाई, पर फाड.

तुझी आत्या
दगडाबाई


गेवराई
२१ मार्च

आदरणीय आत्या,
जयभीम.

पत्र फाडलं नाही.

ते मंगळवारी मिळालं. पहिला राग राजीवर आला. तिच्या हातावर सुई टोचली तेव्हा तिच्या तोंडून तुझं नाव कसं निघालं असेल, तेच डोळ्यांपुढं येत होतं. मग तुझ्यावर आला, आणि तो अजून गेलेला नाही. सर परके होते. त्यांना मी मोठं केलं, ही माझी चूक. तू तर मला लिहीत होतीस. माझं पत्र हातात धरून बायकांना वाचून दाखवलंस, माझा शब्द तुझ्या आवाजात त्यांना दिलास, आणि शिबिराच्या दोन दिवस आधीपासून तुला माहीत होतं की तो पाळला जाणार नाही. मला एक ओळ लिहिली असतीस तर मी शिबिर थांबवलं असतं. नवनाथ त्या दिवशीही पालीला मुक्कामाला होता.

आणि मी तुझ्या खोट्या अहवालावर नाचले. डॉक्टरांना फोन केला. कामाला हरकत नाही, असं माझ्या तोंडानं तुला कळवलं. तू दहा-बारा दिवस छाती आवळून पिलांजवळ बसलीस ती माझ्या त्या वाक्यावर. याबद्दल मी कुणावर रागवायचं, ते मला कळत नाही.

तुझा शब्द मला समजतो. आईला दिलेला शब्द तू पाळलास, त्यावर मी शिकले, हे मी विसरलेली नाही. पण राजीचं शिक्षण भामाबाईंच्या जागेवर उभं राहावं, हे आईनंसुद्धा मागितलं नसतं. मागितलं असतं तर मी आईलाही नाही म्हटलं असतं.

आता काय झालं ते सांगते.

बुधवारी मी त्या अहवालावर नमुना या व्यक्तीचा नाही, असा शेरा लिहून, सही करून तो रद्द करायला पाठवला. मला माहीत असताना तो तसाच ठेवणं माझ्या कामात बसत नाही. छातीच्या डॉक्टरांनाही खरं सांगितलं. त्यांनी तुला शेडमध्ये एक दिवसही पाठवू नका, असं निक्षून सांगितलं आहे. त्यांच्याकडे तुझी सोमवारची वेळ घेतली आहे, आणि या वेळी रक्त मी स्वतः काढीन. त्याच दिवशी सरांच्या टेबलावर माझा राजीनामा ठेवला. ते म्हणाले की तू हुशार आहेस, पण तुला व्यवहार कळत नाही. या वेळी चहा मागवला होता, मी घेतला नाही.

काल मी पालीला आले होते. घरी आले नाही. भामाबाईंच्या घरी गेले. केसरबाई आणि बाकी दोघींनाही तिथंच बोलावलं होतं. मी आधी त्यांच्यासमोर हात जोडले. सरांनी काय केलं ते सांगितलं, आणि मग तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. पलीकडे तू तेव्हा शेडमधून आली होतीस, भांड्यांचा आवाज येत होता, म्हणून मी हळू वाचलं.

केसरबाई तुझ्याबद्दल बरंच काही बोलल्या, ते मी लिहीत नाही. एवढंच लिहिते की त्या म्हणाल्या, दगडीनं मला सांगितलं असतं तर मी बी माझ्या सुनेचं रक्त दिलं असतं, मंग बसला असता राधाकिशन फोनात बघत. बाकी दोघी हसल्या आणि मग रडल्या. भामाबाई उठून भिंतीपाशी जाऊन बसल्या. नंतर म्हणाल्या की दगडीचा रिपोट चोख निघाला तवाच मी वळखलं व्हतं. जिचा खोकला मी दोन वर्सं भिंतीतून ऐकते तिचं रक्त चोख कसं आसंल? मी विचारलं की मग तुम्ही बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या की ती बोलती का, हे बघत व्हते.

मुकादम सगळ्यांना काम कमी झालं म्हणूनच सांगतो आहे, आणि दादांच्या ऑफिसातूनही तेच सांगतात. रक्त पाहून बायका काढल्या याचा कुठंही कागद नाही. सर यादी पाठवल्याचं मला बोलले, लिहून देणार नाहीत. राधाकिशननं शनिवारी चुन्याच्या पोत्यांपाशी काय सांगितलं, कुणाच्या हुकमानं सांगितलं, लॅबशी आधीच बोलणं झालं होतं, हे सगळं फक्त एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. तुझ्या अक्षरात.

मी तुझी परवानगी घेतली नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि तू नाही म्हटल्यावर माझा हात उठला नसता. म्हणून विचारलं नाही. सरांनी बायकांच्या बाबतीत जे केलं तेच मी तुझ्या बाबतीत केलं, असं तू म्हणशील. म्हण. तुझं काम यात जाईल. राजीचं नाव येईल. माझंही येईल, कारण ते शिबिर माझं होतं.

आज सकाळी साडेअकरा वाजता भामाबाई, केसरबाई, त्या दोघी आणि मी अशा पाच जणींनी बीडला कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तक्रार दाखल केली. चौघींनी अंगठे न देता सह्या केल्या, भामाबाईंना दहा मिनिटं लागली. तक्रारीसोबत तुझं १७ तारखेचं पत्र जोडलं आहे. मूळ प्रत त्यांनी ठेवून घेतली. शिक्का मारलेली झेरॉक्स नवनाथच्या हाती तुला पाठवते आहे.

तुझी,
आम्रपाली